कर मच्छीमारांचा, समुद्र सर्वांचा

अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यावर, सिटका, जुनो, केचिकान या बंदरांच्या पट्ट्यात, सॅल्मन मासा विकणाऱ्या प्रत्येक परवानाधारक मच्छीमाराच्या बिलातून शंभरामागे तीन डॉलर कापून घेतले जातात. प्रिन्स विल्यम साउंड, कुक इनलेट आणि कोडिॲक बेटाच्या आसपास ही कपात दोन टक्के आहे. कायद्यात तिचे नाव ‘सॅल्मन एन्हान्समेंट टॅक्स’, म्हणजे सॅल्मनवाढीचा कर. त्याचा पैसा शेवटी पोहोचतो तो त्या त्या प्रदेशातल्या मच्छीमारांच्या ना-नफा संघटनेकडे. ही संघटना हॅचरी चालवते, अंडी उबवते आणि दरवर्षी कोट्यवधी पिल्ले समुद्रात सोडते. १९८० च्या कायद्याने या कराची फक्त वाट मोकळी केली. तो बसवायचा की नाही आणि किती बसवायचा, हे त्या प्रदेशातल्या परवानाधारकांनी मतदान करून ठरवले. मतदानानेच तो काढूनही टाकता येतो.

आपल्याच कमाईवर आपणच कर बसवून घेणारे लोक जगात फार नाहीत. म्हणून हा प्रयोग जवळून तपासण्यासारखा आहे. आज त्याच्यावर दोन बाजूंनी टीका होते आहे आणि दोन्ही टीकांत तथ्य आहे.

पन्नास वर्षांपूर्वीची अलास्काची अवस्था पाहिली की मच्छीमार या कराला का राजी झाले ते कळते. १९३६ साली तिथे साडेबारा कोटींच्या वर सॅल्मन पकडले गेले होते. १९७३ साली हा आकडा सव्वादोन कोटींच्या आसपास घसरला. प्रिन्स विल्यम साउंडमध्ये तर काही हंगाम पर्ससीन जाळ्यांची मासेमारी उघडलीच नाही. मासे डबाबंद करणाऱ्या कारखान्यांवर जगणारी गावे ओस पडू लागली. राज्याने १९७१ मध्ये हॅचऱ्यांसाठी स्वतंत्र सरकारी विभाग काढला, १९७२ मध्ये घटना बदलून परवान्यांची संख्या मर्यादित करण्याचा रस्ता खुला केला आणि १९७४ मध्ये ना-नफा संस्थांना हॅचरी चालवायची मुभा दिली. त्याच वर्षी कॉर्डोवा गावच्या मच्छीमारांनी आपली संघटना काढली आणि इव्हान्स बेटावरच्या एका जुन्या कॅनरीच्या जागेत पहिली हॅचरी उभी केली.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यात फारसे अनोळखी काही वाटणार नाही. आपले सहकारी साखर कारखाने वाढले तेही उसाच्या बिलातल्या कपातीवर. शेअरची रक्कम, परतीची ठेव, बिनपरतीची ठेव. सभेत ठराव झाला की टनामागे ठरलेली रक्कम वजा होऊनच शेतकऱ्याच्या हातात बिल पडायचे. त्या पैशातून कारखाने वाढले, शाळा-कॉलेजे झाली. आणि कोणाच्या उसावर कोणाचे भले झाले, यावरून भांडणेही झाली. अलास्कातला प्रश्न याच जातीचा आहे. फरक एकच, पण तो मोठा आहे. ऊस ज्याच्या रानात वाढतो त्याचाच असतो. हॅचरीतून सोडलेला मासा समुद्रात शिरला की त्याच्यावर कोणाचाच हक्क उरत नाही.

हा फरक समजायला हॅचरीत काय चालते ते पाहायला हवे. पिंक जातीचा सॅल्मन उन्हाळ्याच्या अखेरीस, ज्या पाण्यात वाढला त्याच्या वासाचा माग काढत हॅचरीच्या दाराशी परततो. तोवर नराच्या पाठीवर कुबड आलेले असते. मादीचे पोट चिरून गाभोळी बादलीत काढतात. एका मादीत दीड-दोन हजार नारिंगी अंडी. त्यांवर नराचे वीर्य पिळायचे, पाणी ओतायचे, की अंडी फळतात. मग गार वाहत्या पाण्यात ती महिनोन्‌महिने ठेवायची. काही आठवड्यांनी प्रत्येक अंड्यात दोन काळे ठिपके दिसू लागतात. ते डोळे. त्या सुमारास पांढरी पडलेली मेलेली अंडी बाजूला काढायची. पिल्ले बाहेर येतात ती पोटाशी पिवळ्या बलकाची पिशवी घेऊन. वसंतात ती पिशवी संपली की त्यांना समुद्रातल्या जाळीच्या पिंजऱ्यात काही आठवडे खाद्य घालून जरा मोठी करायची आणि मोकळ्या पाण्यात सोडून द्यायचे. ओढ्याच्या खडीत घातलेल्या शंभर अंड्यांतून एरवी दहाएक पिल्लेही वर येत नाहीत. हॅचरीत नव्वदच्या आसपास येतात. सगळी किमया या फरकाची आहे. त्यापुढे माणसाचे काही चालत नाही. पुढचे वर्ष-सव्वा वर्ष समुद्र त्यांना काय खायला घालतो आणि त्यांतली किती खातो, यावर सगळे अवलंबून. शंभरातली दोन-चार परत आली तरी हॅचरीवाले समाधानी असतात.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण पुढचा वाद तिच्या पुराव्यावर उभा आहे. अंडी उबत असताना पाण्याचे तापमान ठरलेल्या क्रमाने काही अंशांनी खालीवर करतात. त्यामुळे पिल्लाच्या कानातल्या इवल्याशा हाडावर बारीक वलये उमटतात. पुढे तो मासा कुठेही सापडला आणि ते हाड घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरले, की तो कोणत्या हॅचरीचा ते नेमके सांगता येते.

आता पैशाकडे वळू. होडीवरचा माल खरेदीदाराच्या जहाजावर चढतो, वजन होते, पावती फाटते. समजा दहा हजार पौंड मासा भरला आणि पौंडाला तीस सेंट भाव मिळाला. तीन हजार डॉलर झाले. त्यातले नव्वद डॉलर खरेदीदार कापून राज्याच्या महसूल खात्यात भरतो. तिथून ते राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत जातात आणि विधिमंडळ दरवर्षी तेवढी रक्कम त्या प्रदेशाच्या संघटनेला मंजूर करते. हा वळसा कशासाठी? अलास्काच्या घटनेनुसार एखाद्या कराचा पैसा एखाद्याच कामासाठी बांधून ठेवता येत नाही. आधीच्या कायद्यात मच्छीमारांकडून सक्तीने घेतलेली वर्गणी थेट संघटनेला मिळत होती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘स्टेट विरुद्ध ॲलेक्स’ या खटल्यात १९८२ मध्ये ती घटनाबाह्य ठरवली. अनेक मच्छीमारांना हा वळसा कटकटीचा वाटतो. मला तो या व्यवस्थेतला सर्वांत शहाणा भाग वाटतो. पैसा एकदा लोकांच्या तिजोरीतून फिरला की तो लोकांचा ठरतो आणि त्याचा हिशेब मागायचा अधिकार लोकांकडे येतो.

कर सक्तीचाच का, ऐच्छिक वर्गणी का नको, या प्रश्नाचे उत्तर तुलनेने सोपे आहे. परतणारा मासा पावती दाखवून जाळ्यात शिरत नाही. शेजारच्या होडीने वर्गणी दिली नसली तरी तिच्या जाळ्यात तितकाच मासा येतो. अशा स्थितीत प्रामाणिक माणूस दोन-तीन वर्षे पैसे भरतो आणि मग तोही हात आखडता घेतो. सगळ्यांनी मिळून ठरवलेली आणि सगळ्यांवर सारखी लागू झालेली कपात हाच यावर टिकाऊ इलाज आहे. तो वापरणारे मच्छीमार इतरत्रही आहेत. जपानच्या होक्काइडो बेटावर किनाऱ्याला जाळी बांधणारे मच्छीमार चम सॅल्मनच्या विक्रीतला ठरलेला हिस्सा पिल्ले सोडणाऱ्या संघटनांना देतात.

दुसरा पर्याय म्हणजे सगळा खर्च सरकारने करणे. तोही करून झाला आहे. अलास्काचा सरकारी विभाग १९९३ पर्यंत चालला. तेलाचे उत्पन्न घटल्यावर राज्याने हात काढून घेतला आणि बऱ्याच सरकारी हॅचऱ्या याच संघटनांच्या स्वाधीन केल्या. त्याहून बोलके उदाहरण दक्षिणेला कोलंबिया नदीवर आहे. तिथे धरणांनी सॅल्मनची वाट अडवली आणि त्याची भरपाई म्हणून १९३८ च्या मिचेल कायद्याखाली केंद्र सरकारच्या पैशाने हॅचऱ्या चालू लागल्या. त्या आजही चालतात. नदीतले मूळ वाण मात्र एकामागून एक संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत गेले. पैसे देणारा करदाता लांबच्या शहरात राहतो, मासा आला की नाही हे त्याला कळत नाही आणि चुकीच्या हॅचरीला टाळे लावायचा विचार कोणाच्या डोक्यात येत नाही. अलास्कातला पर्ससीनवाला मात्र मासा आला नाही तर पुढच्याच सभेत उभा राहून जाब विचारतो. ज्याचे पैसे, त्याचेच लक्ष. हा या कराचा मोठा गुण.

आपली म्हणून हॅचरी किती जिव्हाळ्याची होते हे १९८९ च्या मार्चमध्ये दिसले. एक्सॉन वाल्डीझ हे तेलवाहू जहाज ब्लाय रीफवर आदळले आणि प्रिन्स विल्यम साउंडमध्ये कच्चे तेल पसरू लागले. कॉर्डोवाच्या मच्छीमारांनी आपापल्या होड्या काढल्या आणि सॉमिल उपसागराच्या तोंडाशी तेल अडवणारे तरंगते पट्टे बांधून इव्हान्स बेटावरची आपली हॅचरी राखली. पिल्ले सोडायचे दिवस तोंडावर होते. कोणत्याही सरकारी हॅचरीसाठी लोक असे धावले असते का, याची मला शंका आहे.

इथवर करवाल्यांची बाजू भक्कम आहे. कर भरणाऱ्यांतच आपापसात जो अन्याय होतो तो मात्र इतक्या सहज नजरेआड करता येत नाही.

आग्नेय अलास्कात तीन तऱ्हेचे मच्छीमार आहेत. पर्ससीनवाले एका वेढ्यात हजारो मासे उचलतात. गिलनेटवाले उभे तरंगते जाळे लावतात. तिसरे चालत्या होडीमागे गळ ओढत एकेक मासा धरतात. त्यांचा मासा संख्येने थोडा, पण भावाने चढा. तीन टक्के तिघेही भरतात. हॅचरीच्या माशाच्या किमतीत कोणाला किती वाटा मिळावा याचा नियम १९९४ मध्ये झाला. पर्ससीनला ४४ ते ४९ टक्के, गळवाल्यांना २७ ते ३२ आणि गिलनेटला २४ ते २९. कागदावर वाटणी न्याय्य दिसते. प्रत्यक्षात गळवाल्यांचा वाटा वर्षानुवर्षे ठरलेल्या मर्यादेच्या खाली राहिला आहे. हॅचऱ्यांनी भर दिला तो चमसारख्या माशावर. तो मुख्यतः जाळ्यात सापडतो, गळाला कमी लागतो. शिवाय कर सगळ्याच सॅल्मनवर आहे. खोल पाण्यात रानटी किंग सॅल्मन धरणारा गळवाला त्या माशावरही तीन टक्के भरतो, आणि तो मासा कोणत्याही हॅचरीने वाढवलेला नसतो. पर्ससीनवाले आणि पारंपरिक मच्छीमार यांचा कोकणातला झगडा ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना या गळवाल्यांची नाराजी समजावून सांगायला नको.

याहून कमी बोलला जाणारा अन्याय नवख्यांवर होतो. अलास्कात परवान्यांची संख्या ठरलेली आहे आणि परवाना विकता येतो. हॅचरीमुळे मासा वाढला की परवान्याची किंमत वाढते. ज्यांनी सुरुवातीला कर भरला त्यांना तो परवाना विकताना परत मिळतो. पंचवीस वर्षांचा मुलगा मात्र कर्ज काढून चढ्या भावाने परवाना घेतो आणि वर दरवर्षी करही भरतो. हॅचरीची किंमत तो दोनदा मोजतो. होडीवरच्या खलाशांना तर मतच नाही. मतदान परवान्यावर आहे. खलाशाची मजुरी मात्र उत्पन्नातल्या हिश्श्यावर असते, त्यामुळे कपातीची झळ त्यालाही लागू शकते.

या सगळ्यावर तोडगे आहेत. दुखणे जिथे खोल जाते ती जागा वेगळी आहे. कर माशाच्या किमतीवर असतो, आणि हॅचरीचा खर्च किमतीबरोबर कमी होत नाही. खाद्य, वीज, पंप, कामगार, आडरानातल्या बेटावर सामान पोहोचवणारी जहाजे, यांचे दर सॅल्मनचा बाजारभाव विचारत नाहीत. २०१६ मध्ये पिंक सॅल्मन फारच कमी आला आणि केंद्र सरकारला मत्स्य-आपत्ती जाहीर करावी लागली. २०२३ मध्ये मासा आला, पण भाव पडले. अशा वर्षी दोन-तीन टक्क्यांतून फारसे काही येत नाही. मग हॅचऱ्या ‘कॉस्ट रिकव्हरी’ करतात. हॅचरीच्या तोंडाशी राखून ठेवलेल्या क्षेत्रात संघटना स्वतःच्या वतीने मासे पकडून विकते आणि खर्च भागवते. बऱ्याच हॅचऱ्यांचा मोठा खर्च करातून नाही, या विक्रीतून निघतो. भाव पडले की तोच खर्च भागवायला जास्त मासे लागतात. मग परवानाधारकांच्या होड्या बाहेर थांबतात आणि कंत्राटी होडी आत मासे भरत राहते. कुक इनलेटच्या संघटनेवर राज्याच्या कर्जाचा मोठा बोजा चढला आणि तिच्या हॅचऱ्यांकडे परतलेल्या पिंक माशाचा मोठा भाग कर्ज आणि खर्च यांतच जाऊ लागला. कर भरणाऱ्याने विचारले, मग मी कर कशासाठी भरतो? त्याचा प्रश्न रास्त होता.

इथे एक दुष्टचक्र तयार होते. खर्च भागवायचा तर मासे विकायला हवेत, मासे विकायचे तर जास्त परतायला हवेत, आणि जास्त परतायचे तर जास्त पिल्ले सोडायला हवीत. हे ठरवणारे आणि त्या विक्रीवर जगणारे एकच. कोणाच्याही मनात खोट नसली तरी अशी संस्था आपण होऊन लहान व्हायचा ठराव सहसा करत नाही.

आणि आता त्या लोकांकडे वळू ज्यांना या करावर कधीच मत देता आले नाही.

अलास्काच्या घटनेचे आठवे कलम सांगते की नैसर्गिक अवस्थेतले मासे सर्व लोकांच्या सामाईक वापरासाठी राखलेले आहेत. हॅचरीचा कायदाही तेच म्हणतो. सोडलेला मासा राखीव क्षेत्रात परत येईपर्यंत सर्वांचा. ही तरतूद मच्छीमारांच्या विरुद्ध नाही. उलट तिच्याच आधारावर त्यांना तो मासा वाटेत पकडता येतो. पण तिचा दुसरा अर्थही तितकाच खरा आहे. मासा सर्वांचा असेल, तर तो समुद्रात काय करतो याची झळही सर्वांना लागते.

ती झळ दिसू लागली आहे. २०१७ मध्ये कुक इनलेटमधल्या होमर गावाजवळच्या ओढ्यांत पिंक सॅल्मनची कानातली हाडे तपासली गेली. त्यांत प्रिन्स विल्यम साउंडच्या हॅचऱ्यांच्या खुणा मोठ्या प्रमाणावर निघाल्या. एका छोट्या ओढ्यात तर तपासलेल्या माशांपैकी बहुसंख्य मासे तिकडचे होते. म्हणजे शेकडो किलोमीटर दूरच्या लोकांनी, त्यांच्या कराच्या आणि त्यांच्या मताच्या जोरावर सोडलेले मासे या ओढ्यात अंडी घालत होते. यात बिघडले काय, असे कोणी विचारील. राज्य सरकार, हॅचऱ्या आणि मासे प्रक्रिया करणाऱ्या कंपन्या यांनी मिळून पैसे घालून हाच प्रश्न तपासायला एक दीर्घ अभ्यास हाती घेतला. प्रिन्स विल्यम साउंडमधल्या ओढ्यांत त्यांना दिसले की हॅचरीत जन्मलेल्या पिंक सॅल्मनची परत येणारी संतती रानटी माशाच्या तुलनेत बरीच कमी असते, काही ठिकाणी जवळपास निम्मी. अशा माशांची सरमिसळ पिढ्यान्‌पिढ्या होत राहिली तर ओढ्याचे मूळ वाण दुबळे पडण्याचा धोका खरा आहे. हा अभ्यास करायला हॅचऱ्यांनी स्वतःच पैसे दिले ही गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे. निष्कर्ष न आवडणारे निघाले तरी ते प्रसिद्ध झाले.

दुसरी झळ खुल्या समुद्रातली. उत्तर पॅसिफिकभोवतीचे देश मिळून वर्षाला सुमारे पाच अब्ज पिल्ले सोडतात. त्यांतली दीड अब्जाहून जास्त अलास्काची. ती सगळी एकाच कुरणात चरतात. ग्रेग रुगेरोन, ॲलन स्प्रिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले आहे की ज्या वर्षी पिंक सॅल्मन उदंड असतो त्या वर्षी इतर सॅल्मनच्या वाढीवर, अगदी समुद्रपक्ष्यांच्या विणीवरही त्याचा परिणाम होतो. इकडे युकॉन नदीवर २०२१ मध्ये चम इतका कमी आला की नदीकाठच्या आदिवासी गावांना पोटापुरते मासे धरायचीही बंदी झाली. २०२४ मध्ये अमेरिका आणि कॅनडा यांनी तिथली किंग सॅल्मनची मासेमारी सात वर्षांसाठी थांबवली. त्या गावांत हिवाळ्यासाठी मासे वाळत घालायच्या मांडवांवर टांगायला मासाच उरला नाही.

युकॉनच्या दुष्काळाला हॅचऱ्याच कारणीभूत आहेत असे मी म्हणणार नाही. तापलेला समुद्र, बेरिंग समुद्रातल्या ट्रॉलर जहाजांच्या जाळ्यात चुकून येणारा मासा, माशांचे रोग, अशी कितीतरी कारणे पुढे येतात. शिवाय पॅसिफिकमधला बहुतेक पिंक सॅल्मन रानटी आहे आणि त्यातला मोठा हिस्सा रशियाच्या नद्यांतला. अलास्काने उद्या सगळ्या हॅचऱ्या बंद केल्या तरी ते कुरण रिकामे होणार नाही. हॅचरीवाले हे मुद्दे मांडतात आणि ते खरे आहेत. कॉर्डोवा, वाल्डीझ, सिटका ही गावे या माशांवर उभी आहेत, हेही खरे. दुसऱ्या बाजूला, सत्तरच्या दशकानंतर अलास्काचा सॅल्मन सावरला त्याचे सगळे श्रेय हॅचऱ्यांना देता येत नाही. त्याच काळात परवाने मर्यादित झाले, दोनशे सागरी मैलांची हद्द आल्याने परदेशी जहाजे दूर गेली आणि १९७६-७७ च्या सुमारास उत्तर पॅसिफिकचे पाणीही सॅल्मनला अनुकूल झाले. २०१३ मध्ये अलास्कात २७ कोटींच्या वर सॅल्मन पकडला गेला तेव्हा त्यात रानटी मासा हॅचरीच्या माशापेक्षा जास्त होता. आणि होक्काइडोने दाखवून दिले आहे की पिल्लांची संख्या टिकवली तरी मासा टिकेलच असे नाही. तिथे २००० च्या दशकात एखाद्या वर्षी सहा कोटींच्या आसपासही परतणारा चम २०१७ मध्ये निम्म्याहूनही खाली आला.

इतके सगळे तराजूत घातल्यावर माझे मत असे बनले आहे. कर राहावा. जो मासा धरून पोट भरतो त्याने मासा वाढवायला हातभार लावावा, दर ठरवताना त्याने मत द्यावे आणि नको झाला तर कर काढून टाकायचा हक्क त्याच्या हाती असावा. याहून सरळ पद्धत मला दुसरी दिसत नाही. पण दर ठरवण्याचा हक्क पिल्लांची संख्या ठरवण्यापर्यंत पोहोचत नाही. तिथे सामाईक समुद्राचा संबंध येतो आणि युकॉनकाठच्या एखाद्या म्हातारीला कोणत्याही संघटनेच्या सभेत हात वर करता येत नाही. संख्येचा परवाना आजही राज्याचा मत्स्य विभाग देतो आणि मासेमारी मंडळालाही त्यात हस्तक्षेप करता येतो. तो अधिकार त्यांनी हॅचरीच्या ताळेबंदाकडे न पाहता वापरावा. परक्या ओढ्यांत शिरणाऱ्या भटक्या माशांचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेखाली आल्याचे दिसेपर्यंत पिंक सॅल्मनची अंडी वाढवायला मंजुरी देऊ नये. जिथे ते प्रमाण ओलांडले आहे तिथे संख्या घटवावी.

आणि त्या तपासणीचा खर्च करातूनच, खाद्याच्या बिलाच्याही आधी, काढावा. ओढ्याओढ्यांतून कानातली हाडे गोळा करणारी माणसे ही या व्यवस्थेची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी माणसे आहेत. त्यांच्या पगारासाठी दर काही वर्षांनी नवे अनुदान शोधावे लागू नये.

मच्छीमारांच्या आपसातल्या हिशेबाबद्दल दोन गोष्टी तातडीने व्हाव्यात. कॉस्ट रिकव्हरीत येणारा मासा किती, याची कमाल मर्यादा हंगामाआधी जाहीर व्हावी आणि ती ओलांडायची तर कर भरणाऱ्यांचे पुन्हा मत घ्यावे. आणि ज्या गटाचा वाटा सलग काही वर्षे ठरलेल्या प्रमाणाखाली राहतो, त्याचा कर तेवढा कमी व्हावा. त्यासाठी गटागटाला वेगळा दर लावता येईल अशी दुरुस्ती विधिमंडळाला करावी लागली तर ती करावी. गळवाल्यांना पुढच्या वर्षीचे आश्वासन देऊन भागवण्याचे दिवस संपले आहेत. पर्यटकांना गळाने मासे धरायला नेणाऱ्या चार्टर होड्यांनीही, त्या ज्या किंग आणि कोहो माशांवर धंदा करतात त्यांतला हॅचरीचा वाटा मोजून, आपला भार उचलावा.

पिल्ले कमी सोडली तर कॉर्डोवातल्या काही होड्यांचे उत्पन्न घटेल. ते नुकसान खरे आहे आणि ते सोसणाऱ्यांना राज्याने कर्जफेडीत सवलत द्यावी. पण एका किनाऱ्याने स्वखुशीने भरलेल्या तीन टक्क्यांचा बोजा, ज्याला कोणी विचारलेच नाही अशा दुसऱ्या नदीवर पडत असेल, तर तो उतरवायची जबाबदारी आधी कर घेणाऱ्या राज्याची आहे.